आक्काबाईच्या कमरेचा काच

बायकांची तोंडं मी विसरते, कमरा विसरत नाही. मखमलाबाद नाक्यावर माझं शिलाईचं दुकान आहे, ब्याण्णव सालापासून. खोली एवढीशी, एक पायाची मशीन, दोरीवर लटकलेले ब्लाऊज आणि परकरांच्या चळती. कोण बाळंतपणानंतर सुटली, कोण काळजीनं वाळली, हे घरच्यांच्या आधी माझ्या टेपला कळतं. पण एका बाईनं मला सात वर्षं कमरेला टेप लावू दिली नाही, आणि गोष्ट तिचीच आहे. तिचं नाव आक्काबाई. तिच्याबद्दल बोलायला लागले की माझा आवाज चढतो, गिऱ्हाइकं विचारतात, मंजुषाताई, कोणाशी भांडताय? भांडत नाही हो. ही गोष्ट मला बसून सांगताच येत नाही.

आक्काबाई मखमलाबादची माळीण. अडीच एकर रान, त्यात झेंडू आणि शेवंती, बांधाला निशिगंध. पहाटे फुलं तोडायची, दिवस उगवायच्या आत नदीकाठच्या फुलबाजारात पोचायचं, आणि उन्हं वर आली की रिकामी पाटी घेऊन परत. परतताना माझ्या दुकानासमोर पाटी उपडी घालून तिच्यावर बसायची आणि माझ्या शिलाईला नावं ठेवायची. नवरा भिमाजी. तो माणूस वर्षभरात बोलतो तेवढं आक्का फुलबाजारातून घरी येईस्तोवर बोलून संपवते. एकच मुलगा, ललित, तेव्हा कॉलेजात.

लुगडं सोडून ती गोल साडीवर आली चौऱ्याण्णव साली, कारण बाजारातल्या सगळ्या गोल साडीवर गेल्या आणि ही मागं राहणं शक्यच नव्हतं. मग परकर आले, आणि परकर आले म्हणजे मी आले. तिची ऑर्डर ठरलेली. “नेफा बारीक ठेव, नाडी सुताची, पीळ घातलेली. पट्टा-बिट्टा मला नको. ढिलं नेसनाऱ्या बाईच्या हातून काम होत नाय.” माप मागितलं की जुना परकर अंगावर फेकायची. “ह्याच्यावर बेत.”

लग्न होऊन सासरी निघाली तेव्हा आईनं तिला सांगितलं होतं, पोरी, कंबर कसून राहा. सगळ्या आया सांगतात तसंच. बाकीच्या मुली मान डोलावतात आणि विसरतात, हिनं ते शब्दशः धरलं. चाळीस वर्षं, आधी लुगड्याची आणि मग नाडीची, डाव्या बाजूला, त्याच एका जागी, दात-ओठ खाऊन मारलेली गाठ. दिवसभर वाकून तोडणी करायची तरी ती गाठ सरकायची नाही, आणि त्याचा तिला केवढा तोरा.

दोन हजार एकचा भाद्रपद. आक्कानं नेहमीसारखा जुना परकर फेकला. मी तो पाटावर अंथरला आणि डाव्या बाजूला, नाडीच्या तोंडाशी, एक डाग दिसला. पिवळट, मध्ये तांबूस, धुऊनही न गेलेला. मी नाकाशी नेला आणि माझं तोंड वाकडं झालं. मग आठवलं, गेल्या संक्रांतीला आणलेल्या परकरावरही असाच डाग होता आणि मी तो फुलांचा समजले होते.

“आक्का, हे काय?”

“काच हाय गं. साडीचा काच. समद्यांना असतो.”

खोटं नव्हतं ते. नाडी रुतून कमरेला काळं कडं पडतं, त्याला आपण काच म्हणतो, आणि ते माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या बायकांना असतं. पण काचाला असा डाग पडत नाही. मी म्हटलं दाखव, ती म्हणाली, हो बाजूला. मी दुकानाचा पडदा ओढला, दाराला आतून कडी घातली आणि म्हटलं, नाही दाखवलंस तर तुझा एक टाका घालणार नाही, जा दुसऱ्या शिंपिणीकडं. माझा स्वभाव हा असा आहे. गुरगुरत तिनं साडी खाली केली.

काळ्या कड्याच्या मधोमध जखम होती, झेंडूच्या कळीएवढी. कडा वर उचललेल्या, टणक, आणि मधला भाग ओला. “कधीपासून?” तर म्हणे दोन वर्षं. चुना लावला, हळद लावली, झेंडूचा पाला वाटून बांधला. “भरते, पुन्ना उघडते,” असं सांगून वर माझ्यावरच डाफरली, की बाईमाणसाची कंबर अशी उजेडात बघतात का. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. दोन वर्षं ही बाई उघड्या जखमेवर पीळदार नाडी आवळत होती, आणि ती नाडी मी ओवून देत होते.

मी पिच्छा पुरवला तेव्हा आठवड्यानं ती एका दवाखान्यात जाऊन आली. एकटी गेली, तिथंच चुकलं. परत आली ती विजयी मुद्रेनं, हातात एक्स-रेचं भलं मोठं पाकीट. “बघ, फोटो काढला. काय निघालं नाय.”

कमरेवरच्या जखमेचा एक्स-रे कशाला, हे काही मला उमजेना. मी तिला पाटीवर बसवली आणि एकेक शब्द काढून घेतला. ऐका आता. डॉक्टर तरुण, बहुतेक बाहेरगावचा. त्यानं विचारलं, काय होतंय? ही पदर घट्ट धरून म्हणाली, “कमरंला काच हाय.” तो म्हणाला, आत? ही म्हणाली, आत काय अन् भाईर काय, चाळीस वर्सं झाली. तो बिचारा उडालाच असणार. चाळीस वर्षं कमरेत काच घेऊन बाई चालतीय. त्यानं जागा बघायला मागितली, हिनं पदर सोडला नाही, मग त्यानं सरळ फोटो काढायला पाठवलं. चिठ्ठीवर इंग्रजीत काहीतरी खरडलेलं होतं. मी दहावीपर्यंतची, अक्षरं जुळवून वाचलं, ग्लास.

“पेला?” आक्का म्हणाली. “माझ्या कमरंत पेला?”

मी इतकी हसले की मशीनवर डोकं टेकलं, आणि हसता हसता मला रडू फुटलं. कारण फोटोत काच निघाली नाही म्हणून ही बाई मोकळी झाली होती आणि जखम होती तशीच होती. त्या दिवशी मी ठरवलं की हिला आता एकटीला सोडायची नाही.

कॉलेज रोडला डॉक्टर संध्या म्हणून चामडीच्या डॉक्टर होत्या, माझ्या गिऱ्हाईक. बाईच डॉक्टर म्हटल्यावर आक्का तयार झाली. आत गेल्या गेल्या मीच सांगून टाकलं, काच म्हणजे फुटकी काच नव्हे, रुततो तो काच. डॉक्टर हसल्या. मग त्यांनी जखम बघितली आणि हसू गेलं. म्हणाल्या, “मावशी, रोज बांधता तशी नाडी बांधून दाखवा.” आक्कानं सवयीनं आवळली. गाठ बरोब्बर जखमेवर येऊन बसली.

डॉक्टर खुर्चीतून उठल्याच. “हे मी पुस्तकात वाचलंय, डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं.”

“माझ्या कमरंचं पुस्तक निघालं व्हय?” आक्का म्हणाली.

निघालंच होतं म्हणायचं. डॉक्टरांनी सांगितलं, मुंबईच्या डॉक्टरांनी कित्येक वर्षांपूर्वी धोतर घट्ट नेसणाऱ्यांच्या कमरेवर असा आजार पाहून लिहून ठेवला, मग साडीवाल्या बायकांतही सापडला. आजाराचं नाव मात्र त्यांनी हळूच घेतलं. कॅन्सर असू शकतो, चामडीचा, तुकडा काढून तपासावा लागेल.

आक्का म्हणाली, “उन्हानं झाला का? जलम उन्हात गेला माझा.”

“उन्हानं तुम्हाला काही केलं नाही, मावशी, गाठीनं केलं,” डॉक्टर म्हणाल्या, आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजतागायत विसरले नाही. गोऱ्या लोकांच्या देशात चामडीचा कॅन्सर सगळ्यात जास्त, घरटी एखाद्याला असावा इतका, आणि तो बहुतेक उन्हानं होतो. आपल्या कातडीत काळा रंग असतो तो उन्हाला अडवतो. म्हणून आपल्याकडं कॅन्सरचे शंभर रोगी घेतले तर चामडीचा एखाद-दुसरा. ज्यांच्या अंगात जन्मतःच रंग नाही, केस-पापण्यासुद्धा पांढऱ्या, त्यांना मात्र ऊन भोवतं. आणि जिथं भाजल्याचा जुना वण आहे, जी जखम वर्षानुवर्षं भरत नाही, जी जागा रोज घासली जाते, तिथं रंग काही कामाला येत नाही.

मी आयुष्यभर सावळी म्हणून ऐकून घेतलेली बाई. आपला रंग आपली राखण करतो हे मला पहिल्यांदा कोणी सांगितलं. भीती होतीच, तरी आत कुठंतरी मला भारी वाटलं.

आठ दिवसांनी उत्तर आलं. कॅन्सरच होता. शिवाय डाव्या जांघेत एक गाठ हाताला लागत होती. आजार तिथं पोचला असला तर मामला अवघड होता, नुसत्या जखमेपाशी थांबला असला तर कापून काढला की बाई मोकळी. डॉक्टर म्हणाल्या, दोन्ही एकदमच काढू, पण थांबू नका. त्यांनी दिलेली तारीख नेमकी नवरात्रातली.

आक्कानं पाटी उचलली. “दसरा होऊं दे.”

त्या वर्षी अधिक महिना आला होता, दसरा लांबला होता, आणि झेंडू असा फुटला होता की रान पिवळं दिसत होतं. माळणीला दसऱ्याच्या आठवड्यात झोपायला सांगणं म्हणजे काय ते मलाही कळत होतं. पण मी गप्प बसणारी नाही. मी तिच्या घरी गेले, भिमाजीभाऊंसमोर सगळं बोलले, जांघेतल्या गाठीपर्यंत. आक्का ओरडली, लाज नाय का तुला, माणसापुढं. भिमाजीभाऊ खाटेवरून उठले, खुंटीवरची टोपी घातली आणि म्हणाले, “फुलं मी तोडतो. बाजारात कोन बसंल तेवढं बघा.”

वर्षाचा कोटा त्यांनी एका दमात संपवला. आक्कानं पाटी त्यांच्या हातात दिली.

बाजारात मी बसले. दसऱ्याच्या घाईत, जेव्हा शिलाईचा ढीग छताला लागलेला असतो, तेव्हा दुकान बंद करून मी झेंडूच्या ढिगामागं बसले. मला माप येतं इंचात, फुलं जातात किलोत. शेजारच्या माळणी माझ्यावर हसून हसून बेजार झाल्या. पण कोणी मला फसू दिलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी तर मी अशी ओरडत होते की पलीकडच्या तीरावरून गिऱ्हाईक यावं.

ऑपरेशन झालं. कमरेचा एवढा तुकडा काढला आणि मांडीची कातडी काढून तिथं बसवली. मी दसऱ्याच्या सकाळी भेटायला गेले, हातात तिच्याच रानातला झेंडू. आक्का म्हणाली, “एक गाठ सोडाया गेले, तं दुसरी निघाली बघ.” थट्टा करत होती, पण माझा हात सोडत नव्हती. जांघेतल्या गाठीचं उत्तर यायचं होतं. दोन दिवसांनी डॉक्टर संध्या स्वतः वॉर्डात आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, “गाठ साधी निघाली. जखमेच्या पुवामुळं सुजली होती, बाकी काही नाही.” माझा जीव भांड्यात पडला. मी त्या वॉर्डात टाळ्या वाजवल्या, परिचारिका धावत आल्या, मला काही शरम वाटली नाही.

डॉक्टरांनी बजावलं की तिथं आता कधीही गाठ नको, आणि पाच वर्षं तपासणी चुकवायची नाही. पाच वर्षं काही निघालं नाही तर मग बहुतेक भीती गेली म्हणायची.

घरी आल्यावर आक्काचं तोंड उतरलं. ढिली कंबर घेऊन मी काम कशी करू, म्हणे. मग मी माझं डोकं चालवलं. नाडी ओवायचा नेफा काढूनच टाकला. चार बोटं रुंद, मऊ मलमलीचा दुहेरी पट्टा, बाजूला बटणांच्या दोन रांगा, आज ह्या रांगेत लावा, उद्या त्या. तीन परकर फुकट गेले तेव्हा चौथा बसला. आक्कानं तो घालून वाकून बघितलं, बसून बघितलं, पाटी उचलून बघितली. साडी जागची हलली नाही. “आं,” एवढंच म्हणाली. सात वर्षांत माझ्या शिलाईला तिनं नाव ठेवलं नाही असा तो पहिला परकर.

आणि मग आक्का सुटली. फुलबाजारात ताडपत्रीच्या आड एकेका बाईला ओढायची आणि म्हणायची, काच दाखव. सातपूरच्या, म्हसरूळच्या, थेट घोटीहून आलेल्या बायकांच्यासुद्धा कमरा तिनं बघितल्या. काय बघायचं ते डॉक्टरांकडून पाठ करून घेतलं होतं. नुसतं काळं कडं असलं तर नाडी सैल करा, जागा बदला, झालं. महिन्याभरात न भरणारी जखम, उचललेली कड, पांढरट खरबरीत चट्टा, रक्त, तर डॉक्टर. बाया हसायच्या, तिला कमरवाली म्हणायच्या, तरी दाखवायच्या. तिच्या कमरेवरचा तो मांडीच्या कातडीचा तुकडा ती आधी स्वतः दाखवायची, मग कोणाची बिशाद नाही म्हणायची. माझ्याकडं पट्टेवाल्या परकरांची रांग लागली. रात्रंदिवस मशीन चालत होती आणि मी खूश होते.

पाच वर्षांत शेकडो कमरा बघून झाल्या. कॅन्सर एकीचाही निघाला नाही. मी चिडवलं, “आक्का, उगाच सगळ्या बाजाराला कमरेतून वाकवलंस.” तिनं डॉक्टरांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “मावशी, हे इतकं विरळ आहे की मला जन्मात दुसरी बाई भेटेल की नाही सांगता येत नाही.” ह्यावर आक्का इतकी फुगली. म्हंजे मी एकटीच, असं सगळ्यांना सांगत सुटली.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात ललितचं लग्न ठरलं. आक्का आली आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, “मंजे, वरमाई म्हनून मला नऊवारी नेसायची व्हती. पन गाठीबिगर नऊवारी कशी ऱ्हाईल?”

मी म्हटलं, राहील. तेव्हा शिवलेली नऊवारी नाशकात नवीन नवीन येत होती, नाचाच्या पोरींसाठी. मी तिची हिरवी इरकल घेतली, काष्टा शिवला, निऱ्या शिवल्या, कमरेला मलमलीचा पट्टा, गाठ कुठंच नाही. चार दिवस मला जेवण सुचलं नाही. ती घालून आक्का माझ्या आरशासमोर उभी राहिली तेव्हा चौऱ्याण्णव सालच्या आधीची वाटत होती. मी तिच्या पायाशी बसून काठ सारखा करत होते, वर हात केले, माझा पदर सरकला. आक्काचा हात सवयीनं माझ्या कमरेवर गेला. पाच वर्षांची सवय ती.

“हे काय?”

“काही नाही गं,” मी टाचणी तोंडात धरूनच म्हटलं. “काच आहे. सगळ्यांना असतो.”

बोलले, आणि माझे मलाच ते शब्द ऐकू आले.

टाचणी मी तोंडातून काढली. आक्कानं खाली वाकून माझी नाडी ओढून काढली. सुताची, पीळ घातलेली. बाजाराला पट्टे शिवून दिले, शेकडो, आणि स्वतःचे परकर पंधरा वर्षांपूर्वीचे तसेच, कारण स्वतःचं शिवायला वेळ कोणाला आहे. उजव्या बाजूला काळं कडं, त्यात एक चीर, ओली. मला ठाऊक होती. दिवाळीपासून ठाऊक होती. मी हळद लावत होते. सगळ्या नाशकाला शहाणपण शिकवणारी मी, हळद लावत होते.

“चल,” आक्का म्हणाली.

नऊवारी न उतरवता ती तशीच निघाली. रिक्षात शेजारी बसून मी तिचा हात असा धरला होता जसा तिनं माझा वॉर्डात. दवाखान्यात डॉक्टर संध्यांनी विचारलं काय होतंय, तर माझ्या तोंडातून शब्द फुटेना. माझ्या तोंडातून, बघा. आक्कानंच सांगितलं, “काच हाय. फुटकी नव्हं, रुतलेली.”

डॉक्टरांनी भिंग लावून बघितलं. कडा साध्या होत्या. नाडी बंद, मलम, तीन आठवडे, भरली नाही तर तुकडा काढू. त्या तीन आठवड्यांत ललितचं लग्न झालं, आक्का त्या नऊवारीत नाचलीसुद्धा, आणि मी टाळ्या वाजवता वाजवता मनात दिवस मोजत होते. आक्का तेव्हा वॉर्डात कशी थट्टा करू शकली ते मला तेव्हा कळेना. एकविसाव्या दिवशी चीर भरलेली होती. नुसता काचच होता.

दसऱ्याच्या आधी आक्काची पाच वर्षांची तपासणी झाली, काहीही निघालं नाही. तिथून ती सरळ माझ्या दुकानात आली, मला बाजूला सारून कपाट उघडलं आणि माझ्या एकूण एक परकरांच्या नाड्या ओढून काढल्या. मी ओरडत राहिले, गिऱ्हाइकं बघत राहिली. दसऱ्याच्या सकाळी मी दुकान उघडायला आले तर चौकटीला तिच्या रानातल्या झेंडूचं तोरण लागलेलं होतं. ते बांधलं होतं माझ्याच नाड्यांनी, आणि गाठ डाव्या बाजूला, अशी आवळलेली की फुलं सुकल्यावर मला ती सोडवताच आली नाही, शेवटी कात्रीनं कापावी लागली.